चार्जर काढला की लॅपटॉप बंद पडतो? फॉरमॅट मारण्याआधी हे तपासा

अर्ज भरायचा शेवटचा दिवस, सेवा केंद्राबाहेर रांग, आणि नेमकी लाईट जाते. लॅपटॉपवर बॅटरी ४५ टक्के दिसत असते, म्हणून केंद्रचालक निर्धास्त असतो. पण ओटीपी टाकून पुढचं पान उघडायला जावं तर स्क्रीन काळी. कुठली सूचना नाही, आवाज नाही, दिवा विझावा तसा लॅपटॉप विझतो. लाईट आल्यावर चार्जर लावला की तोच लॅपटॉप दिवसभर सुरळीत चालतो. अर्ज मात्र पहिल्यापासून भरावा लागतो.

तालुक्याच्या गावांत हा त्रास आता घरोघरी आहे. कॉलेजच्या पोरांकडे, ग्रामपंचायतीत, दूध संस्थेत आणि सेवा केंद्रांत वापरले जाणारे बरेच लॅपटॉप चार-पाच वर्षं जुने किंवा सेकंडहँड घेतलेले असतात. दुरुस्तीला नेलं की पहिला सल्ला ठरलेला, ‘विंडोज खराब झालीय, फॉरमॅट मारू.’ पैसे जातात, फोटो-कागदपत्रं जातात, आणि आठवड्यानं लॅपटॉप पुन्हा तसाच बंद पडतो. कारण लॅपटॉप चार्जरवर नीट चालतो आणि बॅटरीवरच पडतो, तेव्हा दोष बहुतेक वेळा विंडोजमध्ये नसतो. तो कुठे आहे हे घरच्या घरी, एकही स्क्रू न उघडता बऱ्यापैकी ओळखता येतं.

टक्के दिसतात, मग बंद का पडतो?

ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे त्यांना हे लगेच कळेल. जुन्या झालेल्या बॅटरीवर ट्रॅक्टरचे दिवे लागतात, हॉर्नही वाजतो, पण सेल्फ मारला की नुसती कटकट होते आणि दिवे मंद होतात. बॅटरीत वीज शिल्लक असते, पण एकदम जास्त करंट द्यायची ताकद संपलेली असते. लॅपटॉपच्या लिथियम बॅटरीचंही तसंच होतं.

लॅपटॉपच्या बॅटरीत एकाला एक जोडलेले सेल असतात. प्रत्येक सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टच्या आसपास असतो, वापरताना सरासरी ३.६ ते ३.७ व्होल्ट देतो, आणि साधारण ३ व्होल्टपर्यंत उतरला की बॅटरीतलं छोटं सर्किट पुरवठा तोडतं. हे संरक्षणासाठीच असतं. त्याखाली सेल गेला तर तो कायमचा खराब होऊ शकतो.

आता हिशेब करून बघू. तीन सेल जोडलेली बॅटरी अर्धी भरलेली असताना ११.१ व्होल्टच्या आसपास असते. नुसतं टायपिंग चालू असताना लॅपटॉप ८-१० वॅट खातो, म्हणजे एक अँपिअरही लागत नाही. पण व्हिडिओ कॉल लावला, एकदम दहा टॅब उघडले किंवा स्कॅन केलेली मोठी फाईल उघडली की काही क्षणांसाठी ४० वॅट किंवा जास्तही लागतात. तेव्हा करंट चार अँपिअरच्या घरात जातो. बॅटरी जुनी होते तशी तिची आतली अडवणूक, म्हणजे रेझिस्टन्स, वाढत जाते. समजा ती अर्धा ओहम झाली. चार अँपिअर गुणिले अर्धा, म्हणजे २ व्होल्ट आतल्या आतच पडले. ११.१ चे ९.१ झाले, म्हणजे एका सेलच्या वाट्याला जेमतेम ३ व्होल्ट. तीनपैकी एक सेल बाकीच्यांपेक्षा कमजोर असला तर तो त्याच्याही खाली जातो, आणि सर्किट सगळी बॅटरी तोडतं. बैलजोडीत एक बैल थकला की दुसऱ्यानं कितीही ओढलं तरी गाडी थांबतेच.

लॅपटॉप बंद झाला की भार गेला, भार गेला की व्होल्ट परत वर येतात. म्हणूनच पुन्हा चालू केल्यावर तीच बॅटरी ४० टक्के दाखवते आणि माणूस चक्रावतो. टक्क्यांचा आकडा हा अंदाज असतो. किती वीज आत गेली, किती बाहेर आली याची बॅटरीतली चिप मोजदाद ठेवते. पण ‘अजून किती आहे’ आणि ‘एकदम किती देऊ शकते’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जुना मोबाईल थंडीत किंवा कॅमेरा उघडल्यावर ३० टक्क्यांवरून एकदम बंद पडतो, तेही याच कारणानं. आयफोनच्या काही मॉडेलमध्ये हे इतकं झालं की जुन्या बॅटरीवर फोन बंद पडू नये म्हणून ॲपल कंपनीनं गुपचूप फोनचा वेगच कमी केला. ते उघडकीला आल्यावर डिसेंबर २०१७ मध्ये कंपनीला माफी मागावी लागली होती.

आधी बघा: पडतो कसा?

‘बंद पडतो’ या एका शब्दात चार वेगळी दुखणी असतात. दुकानात नेण्याआधी दोन-तीन वेळा नीट लक्ष देऊन बघितलं तर निम्मं काम झालं.

चार्जरची पिन काढल्याच्या क्षणी बंद होत असेल तर बॅटरी मुळीच वीज देत नाही. ती पूर्ण गेलेली असते, तिचं कनेक्शन सुटलेलं असतं, किंवा मदरबोर्डवरचा चार्जरवरून बॅटरीवर वळवणारा भाग बिघडलेला असतो.

पाच-दहा मिनिटं चालून, किंवा जड काम सुरू केलं की पट्कन काळा होत असेल तर वर सांगितलेला प्रकार, म्हणजे सेल कमजोर.

निळी स्क्रीन येऊन काहीतरी इंग्रजीत लिहून येत असेल (विंडोज ११ च्या नव्या अपडेटनंतर ही स्क्रीन काळी झाली आहे, पण त्यावर अक्षरं असतातच), तर वीज गेलेली नाही. विंडोज स्वतः अडखळली आहे. हे प्रकरण ड्रायव्हरचं किंवा सेटिंगचं असतं. त्या स्क्रीनचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, पुढे फार उपयोगी पडतो.

आणि ‘शटिंग डाऊन’ असं दाखवत किंवा झोपी गेल्यासारखा सावकाश बंद होत असेल तर तो बिघाडच नसेल. बॅटरी ठरावीक टक्क्यांच्या खाली गेली की विंडोज स्वतःहून लॅपटॉप बंद करते. आकडा चुकीचा मोजला जात असेल तर हे नको तेव्हा होतं. अशा वेळी एकदा बॅटरी पूर्ण १०० टक्के भरा, तासभर तशीच ठेवा, मग हलक्या कामावर ती आपोआप बंद होईपर्यंत चालवा आणि पुन्हा न थांबता पूर्ण भरा. मोजदाद बरीच सुधारते. हे दर आठवड्याला करायची गोष्ट नाही, बॅटरी त्यानं झिजते.

विंडोज दोषी की नाही, हे ठरवणारी परीक्षा

सगळ्यात भरवशाची परीक्षा फुकट आहे. लॅपटॉप बंद करा. चालू करताना लगेच बायोसची की दाबत राहा. डेल, एसर, आसूसमध्ये बहुधा एफ २, एचपीमध्ये एफ १०, लेनोव्होच्या थिंकपॅडमध्ये एफ १. साधी, जुन्या पद्धतीची सेटिंगची पानं उघडतील. तिथे काहीही बदलू नका. फक्त चार्जर काढा आणि लॅपटॉप अर्धा तास तसाच ठेवा.

या पानावर विंडोज सुरूच झालेली नसते. त्यामुळे इथेही लॅपटॉप पट्कन बंद पडला तर विंडोज, व्हायरस, ड्रायव्हर हे सगळे निर्दोष सुटले. मग कोणी फॉरमॅट मारायला सांगितलं तर सरळ नाही म्हणा.

उलट इथे अर्धा तास टिकला म्हणजे बॅटरी चांगलीच, असं मात्र समजू नये. बायोसमध्ये भार कमी असतो, कमजोर बॅटरीही कधी कधी तेवढं ओढून नेते. मग पुढची पायरी.

त्याआधी एक सोय सांगायला हवी. बऱ्याच कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये बॅटरी तपासायची सोय आतच दिलेली असते आणि दुकानदारही ती वापरत नाहीत. डेलमध्ये चालू करताना एफ १२ दाबून ‘डायग्नोस्टिक्स’ निवडता येतं, एचपीमध्ये एफ २ दाबून बॅटरी टेस्ट चालवता येते. तिथे बॅटरी बदला असं स्पष्ट लिहून आलं तर पुढचं डोकं चालवायची गरजच नाही.

बॅटरीची कुंडली

विंडोज १० आणि ११ बॅटरीचा पूर्ण अहवाल काढून देते. स्टार्टमध्ये ‘सीएमडी’ ही तीन अक्षरं शोधून कमांड प्रॉम्प्ट उघडा. काळ्या चौकटीत ‘पॉवरसीएफजी’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करा, म्हणजे पॉवरचं पूर्ण स्पेलिंग आणि त्याला चिकटून सी, एफ, जी. मग एक जागा सोडा, तिरकी रेघ द्या (प्रश्नचिन्हाच्या बटणावरची), आणि तिला चिकटून ‘बॅटरीरिपोर्ट’ एकाच शब्दात. एंटर दाबलं की फाईल कुठे ठेवली तो पत्ता दिसतो. ती फाईल ब्राउझरमध्ये उघडते.

त्यात तीन ओळी बघायच्या. ‘डिझाईन कपॅसिटी’ म्हणजे नवी असताना किती वीज मावत होती. ‘फुल चार्ज कपॅसिटी’ म्हणजे आता किती मावते. ‘सायकल काउंट’ म्हणजे किती वेळा पूर्ण भरून रिकामी झाल्याइतका वापर झाला. पहिला आकडा ४१,००० आणि दुसरा १७,००० असेल तर बॅटरी ४१ टक्क्यांवर आली. ही बॅटरी बदलायच्या रांगेत बसली असं समजायला हरकत नाही. साधारणपणे ३०० ते ५०० सायकलनंतर लॅपटॉपच्या बॅटऱ्या उतरणीला लागतात, काही त्याहून जास्त टिकतात.

याच अहवालात थोडं खाली ‘रिसेंट युसेज’ नावाचा तक्ता असतो. किती वाजता चार्जर काढला, किती टक्के होते, किती वाजता काय झालं, सगळं ओळीनं. ४६ टक्क्यांच्या नोंदीनंतर पुढची नोंद थेट चार्जर लावल्याची आणि बॅटरी ६ टक्के असेल, तर तो तक्ताच पुरावा. मोबाईलवर फोटो काढून मेकॅनिकला दाखवा.

एक सावधगिरी. बाजारातल्या हलक्या डुप्लिकेट बॅटऱ्या या अहवालात खोटे आकडे पाठवतात. सायकल काउंट कायम शून्य, क्षमता कायम शंभर टक्के. लॅपटॉप पडतोय आणि अहवाल ठणठणीत दिसतोय, तर अहवालापेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवा.

वेग कमी करून बघा

बॅटरी कमजोर आहे की ड्रायव्हर चुकतोय, हे ओळखायची आणखी एक युक्ती आहे, आणि नवी बॅटरी येईपर्यंत दिवस काढायलाही ती कामी येते. कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे चेंज प्लॅन सेटिंग्ज, मग ॲडव्हान्स्ड. त्यात ‘प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट’ खाली ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ मिळेल. ‘ऑन बॅटरी’ समोर १०० च्या जागी ९९ करा. एका टक्क्यानं काय होणार, असं वाटेल. पण ९९ केलं की बहुतेक प्रोसेसरचा टर्बो, म्हणजे क्षणभर जास्त वीज ओढून पळायची सवय, बंद होते. तरी पडला तर ७० करून बघा. स्क्रीनचा उजेड कमी करा. पेनड्राइव्ह, थंब मशीन, बाहेरची हार्डडिस्क, डोंगल काढून ठेवा, कारण प्रत्येक यूएसबी वस्तू बॅटरीवरच जगत असते.

एवढं केल्यावर लॅपटॉप टिकायला लागला तर निकाल स्पष्ट आहे. बॅटरीला जोराचा भार सोसत नाही. काही नव्या लॅपटॉपमध्ये ही सेटिंग लपवलेली असते. तिथे सेटिंग्जमधल्या ‘पॉवर’ पानावर ‘बेस्ट पॉवर एफिशियन्सी’ निवडलं की तेच काम थोडंफार होतं.

निळी स्क्रीन येत असेल तर

चार्जर काढला की विंडोज वीज वाचवायला बऱ्याच गोष्टी एकदम बदलते. दोन ग्राफिक्स कार्ड असतील तर मोठं बंद करून छोट्यावर येते, स्क्रीनचा रिफ्रेश रेट कमी करते, वायफाय कार्डला आणि एसएसडीला झोप घ्यायला सांगते. यातला एखादा भाग जुन्या ड्रायव्हरमुळे झोपेतून उठत नाही आणि विंडोज कोसळते. स्क्रीनवर ‘व्हिडिओ टीडीआर फेल्युअर’ असं असेल तर संशय ग्राफिक्सच्या ड्रायव्हरवर, ‘ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर’ असेल तर कुठलातरी भाग झोप-जागेत अडकलाय.

उपाय साधे आहेत. लॅपटॉपच्या कंपनीच्या वेबसाईटवर आपल्या मॉडेलचा नंबर टाकून ग्राफिक्स, वायफाय आणि चिपसेटचे ड्रायव्हर घ्यावेत. ‘ड्रायव्हर अपडेटर’ नावाची फुकट सॉफ्टवेअर घेऊ नयेत, ती स्वतःच एक रोग असतात. मग पॉवर ऑप्शन्सच्या त्याच ॲडव्हान्स्ड यादीत ‘पीसीआय एक्स्प्रेस’ खाली ‘लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट’ बॅटरीसाठी ‘ऑफ’ करून बघावं. कोणी वेग वाढवायला किंवा गरम होऊ नये म्हणून व्होल्टेज कमी करायचं सॉफ्टवेअर टाकलं असेल तर ते काढून टाकावं. बायोसचा अपडेटही कधी कधी हा दोष घालवतो, पण तो नेहमी चार्जर लावून, लाईट जायची भीती नसलेल्या ठिकाणीच करायचा. बायोस अर्धवट राहिला तर लॅपटॉप चालूच होत नाही.

निळी स्क्रीन दिसायच्या आत निघून जात असेल तर इव्हेंट व्ह्यूअर उघडा, ‘विंडोज लॉग्ज’मधलं ‘सिस्टम’ बघा. तिथे ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी लाल नोंद सापडेल. बरेच जण या ४१ ला घाबरून तोच रोग समजतात. त्याचा अर्थ फक्त एवढाच की मागच्या वेळी लॅपटॉप नीट बंद झाला नव्हता. खरी गोम तिच्या ‘डिटेल्स’मध्ये ‘बगचेक कोड’ समोर असते. शून्य असेल तर बहुधा वीजच तुटली किंवा लॅपटॉप पुरता गोठला. दुसरा कुठला आकडा असेल तर विंडोज कोसळली होती.

चार्जरचीही चौकशी करा

बॅटरी निर्दोष आणि ती भरतच नाही, असंही होतं. मूळ चार्जर ६५ वॅटचा, आणि तो तुटल्यावर तालुक्यातून आणलेला ४५ वॅटचा. पिन बसते, लॅपटॉप चालतो, पण जड काम करताना बॅटरी भरायऐवजी उतरत जाते. डेलच्या लॅपटॉपमध्ये तर चार्जरच्या पिनच्या मधोमध एक बारीक तार असते. तिच्यातून लॅपटॉप चार्जर ओळखतो. ती तुटली किंवा चार्जर डुप्लिकेट असला तर लॅपटॉप चालतो, पण बॅटरी भरायचं नाकारतो आणि वेगही कमी करतो. चार्जरवर छापलेले व्होल्ट लॅपटॉपच्या खाली लिहिलेल्या व्होल्टशी जुळले पाहिजेत, आणि वॅट तितकेच किंवा जास्त हवेत.

सेकंडहँड एचपी घेतलेल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. प्रोबुक ६४० आणि ६५० च्या जी २, जी ३ यांसह काही मॉडेलच्या बॅटऱ्या गरम होऊन पेटण्याचा धोका असल्यामुळे एचपीनं जानेवारी २०१८ मध्ये जगभरातून परत मागवल्या होत्या, आणि २०१९ मध्ये ती यादी वाढवली. त्याच वेळी कंपनीनं बायोसमध्ये ‘बॅटरी सेफ्टी मोड’ दिला. तो चालू असेल तर बॅटरी भरणं बंद होतं आणि लॅपटॉप फक्त चार्जरवर चालतो. ऑफिसात वापरून झालेली प्रोबुक सेकंडहँड बाजारात नेहमी दिसतात, म्हणून असा लॅपटॉप हातात आला तर आधी मॉडेल नंबर आणि बॅटरी तपासून घ्यावी. परत मागवलेली जुनी बॅटरी असेल तर तो मोड काढायच्या फंदात पडू नये.

मेकॅनिककडे जाताना

दुकानात ‘बंद पडतो’ एवढंच न सांगता असं सांगा: चार्जरवर चालतो, बॅटरीवर इतक्या मिनिटांनी पडतो, बायोसमध्येही पडतो किंवा पडत नाही, अहवालात क्षमता इतकी राहिलीय. आधी दुसरी चांगली बॅटरी लावून बघा, असा आग्रह धरा. त्याच मॉडेलची नसली तर निदान आतलं बॅटरीचं कनेक्टर काढून, साफ करून, पुन्हा घट्ट बसवायला सांगा. लॅपटॉप एकदा पडलेला असेल, किंवा मागे कोणी उघडला असेल, तर एवढ्यावरच दुखणं मिटल्याची उदाहरणं पुष्कळ. काढता येणारी बॅटरी असेल तर तिच्या पितळी पट्ट्या घरीच कोरड्या, मऊ कापडानं पुसता येतात.

त्याआधी घरी एक उपाय करून बघण्यासारखा आहे. चार्जर काढा, काढता येत असेल तर बॅटरीही काढा, आणि पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा. मग पुन्हा जोडून चालू करा. काही एसर आणि लेनोव्हो लॅपटॉपच्या पाठीवर टाचणी जाईल एवढं बारीक भोक असतं, ते याच रीसेटसाठी. बॅटरी आणि बोर्ड यांच्यातलं बोलणं अडकलं असेल तर यानं सुटतं. सेल झिजले असतील तर यानं काही होत नाही.

नवी बॅटरी लावूनही चार्जर काढताच बंद होत असेल तर दोष मदरबोर्डच्या चार्जिंग सेक्शनमध्ये आहे. मॉसफेट किंवा चार्जिंग आयसी बदलणं हे चिप लेव्हलचं काम आहे, ते जिल्ह्याच्या ठिकाणी जाणकाराकडूनच करून घ्यावं. जुना लॅपटॉप असेल तर खर्च आधी विचारा. त्या पैशांत कायम चार्जरवर चालवून भागतंय का, याचाही विचार व्हावा.

बॅटरी घेताना

जुन्या बॅटरीवर पार्ट नंबर, व्होल्ट आणि वॅट-अवर छापलेले असतात. त्याचा फोटो काढून तोच नंबर मागा. १०.८ आणि ११.१ व्होल्ट ही तीन सेलच्या बॅटरीचीच दोन नावं आहेत, ती चालतात. पण ११.१ च्या जागी १४.८ कोणी ‘बसते की’ म्हणून देत असेल तर घेऊ नका. भारतात विकल्या जाणाऱ्या लिथियम बॅटरीवर बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. लेबलवर ‘आयएस १६०४६’ आणि ‘आर’ पासून सुरू होणारा नंबर असतो. मोबाईलवर ‘बीआयएस केअर’ हे सरकारी ॲप घेऊन तो नंबर दुकानातच उभ्या उभ्या तपासता येतो. दुकानदाराला आवडणार नाही, पण तपासाच. वर्षानुवर्षं कपाटात पडलेली बॅटरी न वापरताही म्हातारी होते, म्हणून उत्पादनाची तारीख बघा, पक्कं बिल घ्या, आणि दुकानातच चार्जर काढून अर्धा तास व्हिडिओ चालवून दाखवायला सांगा. सेकंडहँड लॅपटॉप घेतानाही हीच अट घाला.

फुगलेली बॅटरी: इथे थांबा

टचपॅड वर आलंय, त्याचं बटण दाबत नाही, कीबोर्ड मध्ये उंच झालाय, लॅपटॉप सपाट टेबलावर डुगडुगतो किंवा झाकणाची फट वाढलीय, तर वरचे कुठलेही प्रयोग करू नका. बॅटरी फुगली आहे. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा आणि पुन्हा भरू नका. फुगवटा दाबून बसवायचा, टाचणीनं गॅस काढायचा, असले उद्योग काही जण करतात. त्यातून आग लागते. काढायचं काम मेकॅनिकवर सोडा. तोवर लॅपटॉप कडबा, गोणपाट, गादी, गॅस सिलिंडर यांच्यापासून लांब, फरशीवर ठेवा.

उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत काम करणाऱ्यांना हा धोका जास्त. बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला बनवलेले असतात. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत सावलीतच ४२-४४ अंश असतात, पत्र्याखाली त्याहून जास्त. भर दुपारी चार्जिंगला लावून गादीवर ठेवलेला लॅपटॉप बॅटरीचं आयुष्य झपाट्यानं खातो. चार्जिंग सकाळी किंवा रात्री करा. दिवसभर चार्जरवरच चालणारा लॅपटॉप असेल तर कंपनीच्या ॲपमध्ये किंवा बायोसमध्ये चार्जिंग ६० किंवा ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते. लेनोव्होत ती ‘कन्झर्व्हेशन मोड’ नावानं सापडेल. ती चालू ठेवली की बॅटरी कमी झिजते.

जुनी बॅटरी उकिरड्यावर टाकू नका, कचऱ्याबरोबर जाळू तर नकाच. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी त्या बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर आहे. नवी घेताना जुनी दुकानातच जमा करून घ्या म्हणावं.

नवी बॅटरी येईपर्यंत

काढता येणारी बॅटरी पूर्ण गेली असेल तर बहुतेक लॅपटॉप ती काढून नुसत्या चार्जरवर चालतात. पण मग लाईट एक क्षण लुकलुकली तरी काम गेलं. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्यामागचं बटण बघा. बऱ्याच इन्व्हर्टरवर ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ किंवा ‘इको’ असे दोन पर्याय असतात. ‘यूपीएस’वर ठेवलं की वीज बदलायला लागणारा वेळ कमी होतो आणि लॅपटॉप टिकतो. इन्व्हर्टर नसेल तर कॉम्प्युटरचा छोटा यूपीएस लॅपटॉपला पुरतो.

वर्डमध्ये फाईल आपोआप जपून ठेवायची मुदत मुळात १० मिनिटांची असते. ऑप्शन्समधल्या ‘सेव्ह’ पानावर जाऊन ती २ मिनिटांवर आणा. दूध संस्था, पतसंस्थेचे हिशेब याच लॅपटॉपवर असतील तर रोज संध्याकाळी पेनड्राइव्हवर बॅकअप घ्या, आणि तो पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावून न ठेवता कपाटात ठेवा. सेवा केंद्रात मोठा अर्ज भरताना मजकूर आणि कागदपत्रांची स्कॅन केलेली प्रत आधी वेगळ्या फोल्डरमध्ये तयार ठेवली, तर मध्येच अंधार झाला तरी रांगेतल्या माणसाला घरून पुन्हा कागद आणायला पाठवावं लागत नाही.